पश्चिम किनाऱ्यावरील दोन आगंतुक समाज

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रमार्गें आलेल्या लोकांची यादी करूं म्हटल्यास ती बरीच लांबेल. अरब आले, इराणी आले, हबशी आले, फिरंगी आले. कांहीं राज्य कमावण्यास आले, कांहीं व्यापारास आले, आणि कांहीं नुसता जीव घेऊन आले. या शेवटल्या वर्गांतील दोन समाज महाराष्ट्रीय वाचकाच्या निकट परिचयाचे आहेत. एक पारशी व दुसरा बेने इस्राएल. पहिल्याचें नांव घेतांच गिरण्या, गोद्या, इस्पितळें, धर्मादाय निधि आणि मुंबईच्या चौकांतील पुतळे डोळ्यांपुढें येतात. दुसऱ्याचें नांव घेतलें कीं पुष्कळांस क्षणभर थांबावें लागतें. मग कोणास अलिबागेकडील तेलाचा घाणा आठवतो, कोणास शाळेंतले राजपूरकर मास्तर किंवा इस्पितळांतल्या पेणकर नर्सबाई आठवतात, आणि हीं नांवें यहुदी कुटुंबांचीं होतीं हें समजल्यावर नवल वाटतें.

या दोन समाजांची तुलना आमच्या सुशिक्षित घरांतून अधूनमधून होते, आणि ती बहुधा एका वाक्यांत आटपते. पारशी मूळचाच उद्योगी आणि साहसी. बेने इस्राएल बिचारे साधे, त्यांच्यांत तें पाणीच नव्हतें! हें वाक्य ऐकलें कीं आम्हांस थोडें अस्वस्थ वाटतें. कारण किंचित् फेरफार करून तेंच वाक्य मराठी माणसाबद्दलहि बोललें जातें, आणि बोलणारे बहुधा आपणच असतों. एखाद्या समाजाच्या संपत्तीचें कारण त्याच्या रक्तांत शोधणें सोपें असतें. तें त्याच्या धंद्यांत, वस्तीच्या जागेंत आणि इतिहासाच्या वेळापत्रकांत शोधावयाचें तर थोडे श्रम पडतात. ते येथें करून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दोघांच्या आगमनकथा शेजारींशेजारीं ठेवून पाहूं. पारशांची कथा 'किस्से-इ-संजान' या फारसी काव्यांत आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूनें तें इ. स. १६०० च्या सुमारास रचलें. म्हणजे मूळ घटनेनंतर कित्येक शतकांनीं. इराणचें सासानी राज्य सातव्या शतकांत अरबांनीं बुडविल्यावर जरथुष्ट्राचे कांहीं अनुयायी डोंगराळ मुलखांतून होर्मझ बंदरीं, तेथून दीवला आणि दीवहून संजाणला आले, असें हें काव्य सांगतें. संजाणच्या जाडी राण्यानें त्यांस आश्रय दिला, पण अटी घालून: आपल्या धर्माची हकीकत सांगावी, इराणी भाषा सोडून देशभाषा बोलावी, बायकांनीं या देशचा वेष घ्यावा, हत्यारें खालीं ठेवावीं, लग्नें सायंकाळीं लावावीं. दुधानें काठोकाठ भरलेल्या पात्रांत साखर विरघळविल्याची जी गोष्ट आमच्याकडे लहान मुलांसहि ठाऊक असते, ती मात्र या काव्यांत नाहीं. ती मागाहून केव्हां तरी तयार झाली, आणि गोड असल्यामुळें टिकली.

बेने इस्राएलांच्या कथेंत राजाच नाहीं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बाकीच्यांचीं प्रेतें वाहून आलीं तीं गांवाजवळच पुरलीं; पुरुषांचा एक उंचवटा आणि स्त्रियांचा एक, असे दोन उंचवटे तेथें अद्याप दाखवितात. बरोबर आणलेले धर्मग्रंथ समुद्रांत गेले. राहिलें काय, तर शनिवारीं काम न करणें, आठव्या दिवशीं मुलाची सुंता करणें, खवलें नसलेली मासळी न खाणें, आणि 'शमा' या हिब्रू प्रार्थनेचे आरंभींचे शब्द. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनीं १८९७ मध्यें पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं छापून निघाला, त्यांत ही परंपरा सविस्तर सांपडते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत हें घडलें अशी समाजाची समजूत आहे. तिला समकालीन लेखाचा आधार नाहीं.

या कथा कितपत खऱ्या हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतों. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, एका कथेंत करार आहे आणि दुसरींत नुसता किनारा आहे. करार करणाऱ्या समाजाला पुढारी असतो, पुरोहित असतो, आणि 'आपण कोण' याचें उत्तर देण्यास ग्रंथ असतो. पारशांनीं आपला पवित्र अग्नि, ज्यास ते इराणशाह म्हणतात, संजाणहून बाहरोटच्या गुहांत, तेथून वांसदा व नवसारी असा फिरवीत अखेर १७४२ सालीं उदवाड्यास आणून ठेवला. जेथें अग्नि तेथें धर्मगुरु, जेथें धर्मगुरु तेथें नोंदी, वाद आणि निवाडे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तर त्यांनीं इराणांतील आपल्या धर्मबांधवांकडे माणसें पाठवून आचारविषयक प्रश्नांचीं उत्तरें मागवावयास सुरुवात केली. बेने इस्राएलांस कोणास विचारावें हेंच ठाऊक नव्हतें. दावीद रहाबी नांवाचा कोणी परदेशी यहुदी कोंकणांत आला, त्यानें या लोकांच्या बायकांपुढें सर्व तऱ्हेची मासळी ठेवली, आणि त्यांनीं खवल्यांची व परांची तेवढी निवडून घेतलेली पाहून त्यानें त्यांस ओळखलें, अशी आख्यायिका आहे. एका समाजाची ओळख ग्रंथानें टिकविली, दुसऱ्याची स्वयंपाकघरानें.

आतां पोटापाण्याकडे वळूं. बेने इस्राएलांनीं कोंकणांत तेलाचा घाणा धरला. गांवाला तेली लागतोच. दिव्याला तेल हवें, अंगाला हवें, भाजीला हवें. शनिवारीं घाणा बंद म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले, आणि या एका नांवांत त्यांची सारी सामाजिक स्थिति आली. नांवाचा उत्तरार्ध त्यांना गांवांत जागा देतो, पूर्वार्ध त्यांना इतर तेल्यांपासून वेगळें ठेवतो. म्हणजे ते एक जातच झाले. ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें नांव लावून केहीमकर, नवगांवकर, झिराडकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर झाले. बायकांनीं लुगडें घेतलें, मंगळसूत्र घेतलें, हिरवा चुडा घेतला. गोमांस वर्ज्य झालें, विधवाविवाह निषिद्ध मानला जाऊं लागला. इतकेंच नव्हे, तर त्यांच्यांतच 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भेद पडून त्यांचा परस्पर बेटीव्यवहार बंद झाला. एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नांवानें नवस फेडतांना ते पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा करतात. त्या ताटाकडे पाहून हें कोंकणांतील कोणत्या घरचें नव्हे हें सांगणें कठीण आहे.

घाण्याच्या धंद्याचा अर्थशास्त्रीय गुण असा कीं, त्यांत सहसा कोणी उपाशी मरत नाहीं आणि सहसा कोणी श्रीमंतहि होत नाहीं. गिऱ्हाईक ठरलेलें, गांव ठरलेलें, मोबदला पुष्कळदां धान्याच्या रूपानें. बैल जितका फिरेल तितकें तेल. शिल्लक पडून ती दुसऱ्या धंद्यांत घालावी, असा रस्ताच तेथें नाहीं. गांवानें त्यांना जी सुरक्षितता दिली तिचीच ही किंमत होती.

परंतु मौज अशी कीं, या काळांत पारशीहि कांहीं श्रीमंत नव्हते! संजाण-नवसारीच्या टापूंत ते शेती करीत, ताडी काढीत, कापड विणीत, सुतारकाम करीत. त्यांच्यांतहि दस्तुर-मोबेदांचा वर्ग वेगळा आणि सामान्य बेहदीनांचा वेगळा असा भेद होता. संजाणच्या आगमनापासून सुरतेच्या उत्कर्षापर्यंत सहाशें-आठशें वर्षें गेलीं. या अवधींत पारशी पेढीवाला, पारशी जहाजमालक, पारशी सावकार यांची कीर्ति कोणी गायिल्याचें आम्हांस माहीत नाहीं. उद्योगशीलता जर रक्तांतच असेल, तर इतकीं शतकें ती कोठें झोपली होती? या प्रश्नाचें उत्तर रक्तवाद्यांनीं द्यावें.

आमचें उत्तर असें आहे कीं, ती सुरतेची वाट पाहात होती. सतराव्या शतकांत सुरत हें मोगली साम्राज्याचें मोठें बंदर झालें, आणि इंग्रज, डच व पुढें फ्रेंच यांनीं तेथें वखारी घातल्या. या परक्या व्यापाऱ्यांस विणकऱ्यांकडून माल उचलून देणारा, नाणें पारखणारा, दरबारीं रदबदली करणारा दलाल हवा होता. वाणी होतेच, पण वाण्यांचीं जुनीं घराणीं स्वतःच मातबर होतीं. शिवाय खाण्यापिण्याचे व समुद्रप्रवासाचे निर्बंध ज्यास फारसे नाहींत असा माणूस वखारवाल्यांस अधिक सोयीचा. नवसारी सुरतेच्या शेजारीं. पारशी विणकर तेथें, पारशी सुतार तेथें. इंग्रजांचा दलाल रुस्तम माणेक हा त्या पहिल्या पिढीचा नमुना. कंपनीच्या अधिकाऱ्यांशीं वाद पडला तेव्हां त्याचा मुलगा नवरोजी १७२३ च्या सुमारास थेट लंडनला जाऊन दाद मागून आला! ज्या काळीं आमच्या बाजूस समुद्र ओलांडणें हेंच पातक होतें, त्या काळची ही गोष्ट आहे.

पुढला भाग वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा सुतार १७३६ मध्यें जहाजें बांधण्यासाठीं मुंबईस आला. त्याच्या वंशजांनीं येथल्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१७ सालीं पाण्यांत सोडलेली 'त्रिंकोमाली' ही त्यांपैकीं एक इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जतन करून ठेविली आहे. हिरजी जिवणजी १७५६ मध्यें चीनला गेला, आणि त्या वाटेनें पारशांचा एक तांडाच निघाला. कापूस न्यावा, माळव्याची अफू न्यावी, चहा व रेशीम आणावें. रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारापासून आरंभ करणारे जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) याच व्यापारावर मोठे झाले, १८४२ मध्यें 'सर' झाले आणि १८५७ मध्यें बॅरोनेट. त्यांच्या इस्पितळाचा व कलाशाळेचा लाभ मुंबईनें पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. तेव्हां त्या पैशाला अफूचा वास येत होता हें म्हणतांना जीभ अडखळते, परंतु इतिहास लिहावयाचा तर म्हटलेंच पाहिजे. चीनच्या व्यापारांतून सांठलेलें भांडवल पुढें सुतांत गेलें. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंतील पहिली कापडगिरणी काढली, आणि १८७७ च्या पहिल्या दिवशीं जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. सुतार, दलाल, व्यापारी, गिरणीमालक; प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीची शिल्लक हातांत होती.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बंदर हेंच जर कारण, तर बेने इस्राएलांच्या घाण्यांपासून चौल किती दूर होतें? चौल-रेवदंडा हें सुरतेच्या कितीतरी आधीं भरभराटलेलें बंदर. तेथल्या व्यापारानें या लोकांना कां उचललें नाहीं? आम्हांस वाटतें, वेळ जुळली नाहीं. चौल ऐन भरांत होतें तेव्हां तेथील व्यापार गुजराथी वाणी व मुसलमान सौदागर यांच्या हातीं पक्का होता. तेल्याला तेथें शिरण्यास फट नव्हती. आणि युरोपीय वखारींना नवे दलाल हवेसे झाले तेव्हां ते सुरतेस हवे होते. चौल उतरणीस लागलें होतें. १७४० मध्यें तें मराठ्यांच्या हातीं आलें. या अठराव्या शतकांत कुलाब्याच्या मुलखांत नवीन दारें उघडलीं तीं किल्ल्यांचीं, आरमाराचीं आणि लष्कराचीं. आंग्र्यांना शिपाई हवे होते, कंपनीला शिपाई हवे होते. पेढीचें दार उघडलें नाहीं, म्हणून छावणीच्या दारानें लोक बाहेर पडले.

दिवेकरांचें घराणें १७४६ मध्यें मुंबईस आलें, तें या समाजांतील पहिलें असें सांगतात. मागोमाग इतर आले. कांहीं सुतार झाले, कांहीं गवंडी झाले, पण पुष्कळांनीं कंपनीची पलटण धरली, आणि त्यांतले बरेच देशी अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांपर्यंत चढले. समाजी हसाजी दिवेकर, ज्यांस सॅम्युअल इझिकेल असेंहि म्हणत, हे टिपूच्या कैदेंत पडले होते; सुटल्यावर त्यांनीं १७९६ मध्यें मांडवी भागांत बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. तेथला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नांवाचा. आसपासचे लोक या मंदिरालाहि मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असेंहि सांगतात.

आता दलाल आणि सुभेदार यांची तुलना करून पाहा. दोघेहि इंग्रजांचेच नोकर, दोघेहि विश्वासू, दोघांच्याहि अंगीं धाडस. किंबहुना लढाईंत उभें राहणाऱ्याचें धाडस अधिकच म्हटलें पाहिजे. परंतु दलाली व्यापाराबरोबर वाढते. व्यापार दुप्पट झाला कीं दलालीहि दुप्पट. पगार ठरलेला असतो, आणि निवृत्तिवेतन त्याहून लहान. दलालाचा मुलगा बापाच्या गादीवर बसतो, ओळखी व पत त्याला वारशानें मिळतात. सुभेदाराच्या मुलाला बापाचा हुद्दा वारशानें मिळत नाहीं. त्याला मिळते ती शाळेची फी भरण्याइतकी ऐपत. म्हणून पारशांच्या तीन पिढ्यांनीं भांडवल सांठविलें आणि बेने इस्राएलांच्या तीन पिढ्यांनीं प्रशस्तिपत्रकें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें पलटणी जातवार भरण्याचें धोरण धरलें, तेव्हां ज्यांची एक तुकडीहि भरूं शकत नव्हती अशा या चिमुकल्या समाजास तेंहि दार बंद झालें. मग लेखणी. कचेरी, रेल्वे, टपाल, इस्पितळ, शाळा.

हा जीवनक्रम वाचकांस ओळखीचा वाटत असेल. वाटलाच पाहिजे, तो आमचाच आहे. अठराव्या शतकांत तलवार आणि एकोणिसाव्यांत लेखणी, मधल्या काळीं थोडी जमीन, आणि व्यापार सदैव दुसऱ्याच्या हातीं: मराठी मध्यमवर्गाचा आर्थिक इतिहास याहून फारसा निराळा नाहीं. आगंतुक माणूस यजमानाची भाषा उचलतो हें सर्वांस दिसतें. त्या भाषेबरोबर तो यजमानाचें अर्थकारणहि उचलतो हें सहसा कोणी पाहात नाहीं. पारशानें गुजराथी उचलली तेव्हां तिच्याबरोबर हुंडी, चोपडा आणि दूरदेशचा व्यापार त्याच्या आटोक्यांत आला; १८२२ मध्यें 'मुंबई समाचार' काढणारे फर्दुनजी मर्झबान पारशीच होते, आणि त्या पत्राला वाचक मिळाला तो व्यापारी. बेने इस्राएलानें मराठी उचलली, आणि तिच्याबरोबर पागा, कारकुनी व मास्तरकी त्याच्या वांट्यास आली. पाणी कमी पडलें तें त्याच्या रक्तांत नव्हे. तो ज्या विहिरीवर आला तिचेंच पाणी त्यानें काढलें.

आमच्या या मताला दोन बाहेरचे पुरावे देतां येतात. पहिला यहुद्यांमधलाच. बगदादचा डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस आला. धर्म बेने इस्राएलांचाच, पण तो व्यापारी घराण्यांतला. बगदाद, बुशहर, मुंबई, चीन अशी ओळखींची साखळी बरोबर घेऊन आला. एका पिढींत ससून घराण्याच्या पेढ्या चीनपर्यंत पसरल्या, आणि कुलाब्याची ससून गोदी १८७५ सालीं झाली. दुसरा पुरावा पारशांमधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणांतून जे जरथुष्ट्री नव्यानें आले, ज्यांस आपण 'इराणी' म्हणतों, त्यांचा धर्म तोच आणि मूळ देशहि तोच. परंतु कंपनीच्या दलालीचा काळ संपला होता, गिरण्यांच्या गाद्या भरल्या होत्या. त्यांच्या वांट्यास रस्त्यांचे कोपरे आले, आणि तेथें त्यांनीं चहा, ब्रून-पाव आणि संगमरवरी टेबलें मांडलीं. एकाच धर्माचे दोन तांडे, दोन वेगळ्या वेळीं, दोन वेगळ्या दारांनीं आंत आले. दारानें धंदा ठरविला.

बगदादी यहुद्यांचा उल्लेख झाला तर एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. या श्रीमंत धर्मबांधवांनीं बेने इस्राएलांस बरोबरीचें मानलें नाहीं. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांस मोजावें कीं नाहीं, दफनभूमींत त्यांस शेजारीं जागा द्यावी कीं नाहीं, याचे वाद मुंबईंत झाले. वर्ण काळा, भाषा मराठी, आचार हिंदूसारखा, मग वंश शुद्ध कशावरून? असा तो प्रश्न होता. ज्या समाजाला कोंकणच्या गांवानें विनातक्रार जागा दिली, त्याला स्वतःच्याच धर्माच्या दारांत उभें राहून प्रमाणपत्र मागावें लागलें!

त्यांच्या विद्येची कहाणीहि अशीच विलक्षण आहे. त्यांस हिब्रू शिकविली ती बगदादच्या रब्बींनीं नव्हे, ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं. आणि तीहि मराठींतून. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस आले, त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्राएल मुलें आणि मास्तर दोन्ही होते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठीतून हिब्रूचें व्याकरण लिहिलें. मिशनऱ्यांचा हेतु धर्मांतराचा होता हें उघड आहे. पण शिष्य हुशार निघाले, त्यांनीं व्याकरण घेतलें आणि बाप्तिस्मा बहुधा परत केला. त्या व्याकरणाच्या बळावर ते आपल्याच धर्माकडे परतले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. वल्हांडणाच्या सणाची 'हग्गादा' १८७४ मध्यें पुण्यास मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. आणि १८८० पासून आमच्या कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, मोशे, दावीद यांचीं आख्यानें लावणारीं मराठी कीर्तनें होऊं लागलीं. केहीमकरांनीं १८७५ मध्यें समाजासाठीं शाळा काढली. या शिक्षणाचें फळ म्हणजे १९३७ मध्यें मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस, स्त्रीरोगचिकित्सक डॉ. जेरुशा झिराड, आणि इंग्रजी कवितेंत नांव केलेले निसीम इझिकेल. विद्या आली, मान आला. भांडवल मात्र आलें नाहीं.

पारशांकडे भांडवल आलें, त्याबरोबर भांडवलाचे प्रश्नहि आले. त्यांच्या दानशूरपणाची स्तुति पुष्कळ झाली आहे व ती यथार्थ आहे. परंतु धर्मादाय निधि हा दयेप्रमाणेंच कायद्याचाहि विषय असतो. इस्पितळांतली खाट, शिष्यवृत्ति, वसाहतींतला कमी भाड्याचा गाळा, अग्यारींतला प्रवेश, दोखम्यांतली जागा, हें सर्व 'पारशी' माणसासाठीं. म्हणून पारशी कोण हें न्यायालयांत ठरूं लागलें. टाटा घराण्यांतल्या फ्रेंच सुनेच्या धर्मप्रवेशावरून जो वाद झाला, त्याचा १९०८ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल सर्वश्रुत आहे. निधींच्या विश्वस्तांविरुद्ध ही फिर्याद होती, हें आम्हांस सूचक वाटतें. पारशी बापाचीं परकीय आईपासून झालेलीं मुलें जरथुष्ट्री धर्मांत आलीं तर तीं पारशी, पण धर्मांतर करून आलेला परकीय पारशी नव्हे, असें मत न्यायमूर्ति दावर यांनीं दिलें. परजातींत लग्न केलेल्या पारशी बाईच्या मुलांचा प्रश्न तेव्हांपासून धुमसत राहिला. १९४१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत १,१४,८९० पारशी होते. २०११ च्या जनगणनेंत ५७,२६४ उरले. उशिरां लग्नें, अविवाहितांची मोठी संख्या, थोडीं मुलें व परदेशगमन हीं याचीं कारणें सांगतात. आणि कुंपण जितकें मौल्यवान तितकें तें उघडणें कठीण, हेंहि एक कारण आम्ही त्यांत घालूं. मिळकतीनें समाज उभा केला, आणि त्याच मिळकतीनें त्याचीं दारें आंतून लावलीं.

बेने इस्राएलांच्या दाराशीं असें कांहीं पहारा देण्यासारखें नव्हतें. १९५१ मध्यें भारतांत सर्व मिळून २६,५१२ यहुदी होते, त्यांत मोठा भाग बेने इस्राएलांचा. २०११ पर्यंत एकूण यहुदी पांच हजारांच्या आंत आले. ते मेले नाहींत, गेले. इस्राएल राष्ट्र १९४८ मध्यें स्थापन झाल्यावर पुढील दोन-तीन दशकांत बहुसंख्य कुटुंबें तिकडे निघून गेलीं. येथें त्यांचा कोणी छळ केला नव्हता, हें ते स्वतःच सर्वत्र आवर्जून सांगत आले आहेत. धर्माची ओढ होती हें तर खरेंच. परंतु आम्हांस असेंहि वाटतें कीं, ज्याची मिळकत म्हणजे एक नोकरी आणि दोन खोल्यांचें भाड्याचें बिऱ्हाड, त्याला निघणें सोपें जातें. ज्याच्या वाडवडिलांचें नांव रस्त्याला, इस्पितळाला आणि गोदीला आहे, तो परदेशीं गेला तरी त्याचें कांहींतरी मागें राहतेंच. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांत आपल्या मुलांचें काय होईल ही धास्तीहि त्या कारकून-मास्तरांच्या घरांत होती. आणि ती त्यांनीं कोणाजवळ बोलून दाखविली असती, तर ती त्यांच्या मराठी शेजाऱ्यास चटकन् समजली असती.

तिकडे गेल्यावर पुन्हां तेंच दोन हजार वर्षांचें नाटक झालें. नव्या राष्ट्रानें त्यांस डिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा ठिकाणीं वसविलें. मुंबईंतला कारकून वाळवंटांतल्या कारखान्यांत मजूर झाला. येथेंहि जागेनें धंदा ठरविला. पन्नाशीच्या आरंभीं तर कांहीं जणांनीं, आम्हांला भारतांत परत पाठवा, म्हणून धरणें धरलें, आणि कांहीं खरोखरच परत आले. १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मपीठानें बेने इस्राएलांच्या विवाहाआधीं त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश काढला. बगदादी ससूनांच्या वेळचाच प्रश्न पुन्हां आला. यावेळीं मात्र हे लोक गप्प बसले नाहींत. १९६४ मध्यें त्यांनीं यरुशलेमेंत ठाण मांडलें, पंतप्रधान लेवी एश्कोल यांस त्यांच्या बाजूनें बोलावें लागलें, आणि आदेशांतून त्यांच्या समाजाचें नांव काढून टाकणें धर्मपीठास भाग पडलें.

त्या देशांतून 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघत आलें आहे. अलिबागजवळ खंडाळें येथें एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी स्वर्गास जातांना त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा त्यावर उमटल्या, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. लोद-अश्दोदहून येणारीं कुटुंबें आधीं नवगांवचे दोन उंचवटे पाहतात, मग येथें येऊन मलिदा करतात. म्हातारीं माणसें मराठींत बोलतात, आणि नातवंडांना तें हिब्रूंत समजावून सांगतात.